न पेरलेला भात आणि पोशेऱ्याचं तळं

नाशिकहून आमची दमणी (हलकी बैलगाडी) निघाली तेव्हा मी माझा निबंध मांडीवर घेऊन बसले होते.

"ट्रंकेत ठेव की," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माझे वडील.

"नको. धक्का लागला तर?"

"कोणाला?" त्यांनी विचारलं आणि पानाची चंची उघडली.

मी सतरा वर्षांची होते, बिनलग्नाची होते आणि मला संस्कृत येत होतं. त्या काळी यातली एक गोष्टसुद्धा गावाला वर्षभर चघळायला पुरली असती.

जव्हार तेव्हा संस्थान होतं. दसरा झाला की दरबाराच्या आश्रयानं तिथे पंडितांची सभा भरे. दूरदूरचे शास्त्री येत, जुन्या काव्यांतल्या शंका काढत, एकमेकांचे मुद्दे खोडत आणि तुपातलं जेवण झालं की एकमेकांना क्षमा करत. त्या वर्षी पहिल्यांदाच एका मुलीला अर्धी घटका बोलायला मिळणार होती. त्यासाठी तात्यांनी सहा महिने पत्रं धाडली होती. शेवटच्या पत्रात "मुलगी माझी, जबाबदारीही माझी" असं लिहून दिलं होतं. मी तिथे आपटले असते तर ते दार माझ्यामागून येणाऱ्या मुलींनाही बंद झालं असतं. हे तात्यांना ठाऊक होतं. मला फक्त कोणतं लुगडं नेसायचं ते ठाऊक होतं.

निबंधाचा विषय नीवार. जुन्या काव्यांतले ऋषी जो न नांगरता, न पेरता उगवलेला भात खातात, तो. माझं म्हणणं, असा भात जगात नाहीच. ती कवींची कल्पना. पुरावा काय, तर काव्यात हा भात शेतात उभा कधी दिसत नाही. पाहावा तेव्हा झाडाखाली नाही तर कुटीच्या दारात सांडलेला. उभं पीक कोणी पाहिलंच नाही, मग ते पीक कसलं? मला हे बिनतोड वाटलं होतं. मी स्वतः भात पाहिला होता तो वाण्याच्या पोत्यात.

त्र्यंबक मागे पडलं आणि डोंगर जवळ आले. उतारावर नागली (नाचणी) पिकून तांबूस झाली होती, खाचरांत भात पिवळा पडत होता. मी ते पाहिलं नाही. मी खाली मान घालून सातवं पान सुधारत होते. मोखाड्याच्या धर्मशाळेत ढेकणांनी आमचं यथासांग स्वागत केलं. पुढे पोशेऱ्याजवळ चाकाची धाव (लोखंडी पट्टी) निसटली. गाडीवान लोहाराकडे गेला आणि आम्ही जवळच्या पाड्यावर (वस्तीवर) सावलीला बसलो.

तिथे सोनीबाय भेटली. पन्नाशीची, काटक, कासोटा घट्ट मारलेली. तिनं नागलीची भाकर दिली, वर तांबड्या तांदळाची पेज दिली. पेजेला वेगळाच गोड वास होता.

"हा कुठला तांदूळ?" मी विचारलं.

"देवभात. त्या तळ्यातला."

"पेरता कधी?"

"पेरतंय कोन? देवाचा हाय. आपला आपन येतो."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तात्या मिशीत हसले. मला ते दिसलं, आणि त्याचा रागही आला.

तळं पाड्यामागेच होतं. काठच्या पाण्यात भात उभा होता, लांब कुसळांचा, आणि मूठ मूठ ओंब्या एकत्र करून गवतानं बांधलेल्या. सगळ्या तळ्यात अशा जुड्या. सोनीबायनं सांगितलं, हा भात पिकला की उभ्या उभ्या गळतो, एका वाऱ्यात सगळा पाण्यात. म्हणून पिकायच्या आधीच बांधून ठेवायचा. पिकला की खाली टोपली धरून झटकायचा, विळा लावायचा नाही. आणि जिनं गाठ मारली, तिचीच जुडी. दुसरीनं हात लावायचा नाही.

हे सगळं ऐकून घेऊन मी काय केलं? विदुषी ना मी! एक ओंबी पुरावा म्हणून हवी, असं ठरवून लुगडं खोचून पाण्यात शिरले आणि पहिली दिसली त्या जुडीची गाठ सोडून ती ओढली. सरसर आवाज झाला. माझ्या हातात नुसत्या काड्या राहिल्या आणि दाणे पाण्यात बुडाले.

"अगो बाय!" सोनीबाय काठावरून ओरडली. "माझ्या सुनेची जुडी ती! तुझ्या घरी इचारून घ्याची रीत नाय?"

"चुकले."

"लिवता येतं ना तुला? त्यात ह्ये नाय लिवलं?"

तात्या आता उघड हसत होते. मी मात्र गुडघाभर पाण्यात खिळून होते. हातातून निसटलेला तो भात पाहून मला कळलं की कवींनी तो सांडलेला का दाखवला. तो सांडतोच. त्यांनी पाहिला होता. मी पाहिला नव्हता.

एका जुडीच्या बदल्यात सोनीबायनं मला सुनेसाठी पलीकडच्या कोवळ्या भाताच्या दहा जुड्या बांधायला लावल्या. कुसळांनी हात चरचरले. माझी प्रत्येक गाठ ती सोडून पुन्हा मारत होती. "ही गाठ हाय का सासूचं कपाळ?" निघताना तिनं स्वतःची एक बांधलेली जुडी बुडाशी अलगद खुडून ओल्या फडक्यात दिली. "नेऊन दाव तुझ्या भटांना. हलवू नको मातर."

जव्हारच्या पठारावर पोचलो तेव्हा हवा गार होती, बाजार भरला होता. मला काहीच दिसत नव्हतं.

"तात्या, निबंध चुकीचा आहे."

"आहे खरा."

"पण सभेनं तोच मान्य केलाय. नवा लिहायला वेळ नाही. जुनाच वाचला तर कोणाला कळणार आहे?"

"कोणालाही नाही," ते म्हणाले आणि पागोटं बांधू लागले. दोन थपडा दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात माझं नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले. "मी लिहिलं ते चूक आहे, म्हणून वाचणार नाही," एवढं म्हणाले आणि सोनीबायचं तळं सांगितलं. एक शास्त्री लगेच उठले. "मुलींना उभं केलं की असं होतं. पाड्यावरच्या बाईचा शब्द प्रमाण मानायचा?"

"शब्द नको, शास्त्रीबुवा," मी म्हणाले. "प्रत्यक्ष घ्या."

फडकं सोडलं, जुडीची गाठ सोडली आणि एक झटका दिला. दाणे सतरंजीवर सांडले. सभापती ऐंशीचे होते. ते आसनावरून उतरले, वाकले, एक दाणा सोलून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिले. सभा थांबली. दात दोनच होते, त्यामुळे न्यायाला उशीर लागला.

"पंचावन्न वर्षं हा शब्द शिकवतोय," ते अखेर म्हणाले. "चव आज कळली."

तरी कार्यवाहांनी वहीत लिहिलं ते एवढंच, की निबंध मागे घेतला. त्यांचंही चुकलं नाही. शाल नाही, श्रीफळ नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर दाभोशाचा धबधबा पाहायला नेलं तेव्हा ते विरोधक शास्त्री माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, "त्या बाईला विचाराल का, ऋषींचं ते दुसरं रानधान्य, श्यामाक, तेही दाखवील का ती?"

परतताना मोखाड्यापर्यंत तात्या माझ्याकडे पाठ करून गाडीवानाशी बैलांबद्दल बोलत राहिले. त्यांची सहा महिन्यांची पत्रं मी अर्ध्या घटकेत संपवली होती. घाटाच्या चढाला बैलांचं ओझं हलकं करायला आम्ही उतरून चालू लागलो.

"पुढल्या वर्षीच्या सभेसाठी मी पत्र लिहिणार नाही," ते म्हणाले.

"बरं," मी म्हणाले.

"बरं काय? तू लिही. आता तुझी जबाबदारी मी कशाला घेऊ?"

लिहिलं. नकार आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार. तिसऱ्या वर्षी बोलावणं आलं, आणि त्या सभेत माझ्याखेरीज आणखी दोन मुली होत्या. त्यांतली एक फारच आत्मविश्वासानं बोलली. तिनं वर्णन केलेलं झाड तिनं पाहिलेलं नव्हतं, हे तिसऱ्या वाक्याला कळत होतं. मी सगळं ऐकून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि सभा उठल्यावर तिला विचारलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर जंगलात येतेस?"