विषाणूचे सोयरे

वृंदा गेल्याचा फोन इस्पितळातून आला तेव्हा मी पेडण्याच्या बाजारात मासळी निवडत होते. मासळी तिथंच ठेवली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. वृंदा त्याची धाकटी बहीण, माझी नणंद, गुरांची डॉक्टर. लग्न केलं नाही, कोरगावात आमच्याबरोबरच राहिली. पोटाच्या कर्करोगानं गेली... आणि तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण हळूच विचारतो, ती तपासायची त्या पक्ष्यांकडूनच लागलं ना? नाही म्हणून सांगून सांगून मी थकले आहे.

डिचोलीकडच्या एका पक्षिघरात पिंजऱ्यातल्या शोभेच्या कोंबड्या अंगात कर्करोगाच्या गाठी होऊन मरत होत्या. मालकानं दोष शेजारच्या गावठी कोंबड्यांना दिला. त्या सगळ्या मारून टाका म्हणाला. वृंदानं दोन्हीकडचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. त्या गाठी आणणाऱ्या विषाणूची जनुकं ताडून पाहिल्यावर कळलं, पिंजऱ्यातला विषाणू बाहेरून विकत आणलेल्या पक्ष्यांतल्या विषाणूचा जवळचा. गावठी कोंबड्यांत सापडला तो निराळ्याच शाखेतला. गावच्या कोंबड्या वाचल्या. जेवताना तिनं त्या शाखांचं चित्र ताटाशेजारी ठेवलं. विषाणूचीसुद्धा वंशावळ असते काय, म्हणून नवऱ्यानं तिची थट्टा केली.

"दादा, सोयरे सगळ्यांक आसतत," ती म्हणाली.

हे त्यानं भलतंच लक्षात ठेवलं. दिवसकार्य उरकल्यावर तो परसातल्या वृंदाच्या कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकायला निघाला. सोयरे सगळ्यांना असतात तर त्या विषाणूचे माणसातही असणारच, असा त्याचा हिशेब. तो विषाणू माणसाला होत नाही, हे तिनं त्याच्यादेखत किती वेळा सांगितलं होतं.

"सोयरे आसले म्हणून सगळेच आमच्या घराक जेवूक येतत?" मी विचारलं.

बहिणीचं दुःख त्याला कोंबड्यांवर काढायचं होतं. पण त्या दिल्या असत्या तर गाव म्हणालं असतं, बघा, घरच्यांनाही पटलं. मग तिच्या एवढ्या कामाचं काय राहिलं असतं? मी खुराड्याला कुलूप घातलं नाही, पण कोंबड्या न्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं. नवरा त्यानंतर परसात फिरकलाच नाही.

खुराड्याच्या दाराशी वृंदाच्या रबरी चपला असतात. बाहेरची घाण आत जायची नाही, म्हणून आत त्याच घालायच्या, हा तिचा नियम. काल सकाळी मी दाणे घेऊन गेले तर चपला जागेवर नव्हत्या. आत नवरा उभा, टाचा त्या चपलांच्या मागे बाहेर आलेल्या.

"आखूड पडतत गो," तो म्हणाला.

मी दाण्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेले.