चिठ्ठीत लागलेलं मशीन

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लिलाव व्हायचा. कुणी भोपळा आणायचं, कुणी कोंबडी. घेणारा चढी बोली लावून पैसे द्यायचा आणि बहुधा तोच भोपळा परत टेबलावर ठेवायचा, 'पुन्हा विका' म्हणून. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जाई. मला त्याचा कंटाळा यायचा. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी नुकताच कायम झालो होतो, आणि पगाराबरोबर अक्कलही मिळते असा माझा समज होता.

नामांतराच्या दंगलीत गंगापूरकडच्या एका गावातली बौद्धांची घरं जाळली गेली. तिथली एक विधवा दोन मुलींना घेऊन आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. शिवणकामावर पोट भरणारी बाई. तिचं मशीन घराबरोबर जळालं होतं. त्या घरांवर पत्रे घालायला चर्चनं पैसे उभे करायचं ठरवलं. मी म्हटलं, लिलाव पुरे, सोडत काढू. बक्षिसाला एका दुकानदारानं शिलाई मशीन दिलं.

रविवारच्या शाळेत मला शिकवलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "मशीन आलंच आहे तर त्या बाईला देऊन टाक की."

"त्यानं एकीचंच भागेल. पत्रे कुठून येतील?"

"चिठ्ठ्या क्रुसाखालच्या शिपायांनी टाकल्या होत्या रे. येशूच्या झग्यासाठी."

"बारावा प्रेषितही चिठ्ठी टाकूनच निवडला, बाई," मी म्हणालो. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "लिलावात माणूस देतो," त्या म्हणाल्या, "सोडतीत मागतो."

तिकिटं हातोहात खपली. पत्र्यांपुरते पैसे जमले, हे खरं. शेजारणीनंही एक तिकीट घेतलं आणि सणाच्या दिवशी ते मुठीत धरून शेवटच्या बाकावर बसली. पाळकांच्या लेकीनं चिठ्ठी उचलली. नंबर माझा निघाला.

लिलावात भोपळा घेणाऱ्याकडे बघायचे तसे सगळे माझ्याकडे बघू लागले. 'तिला द्या' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण माझं लग्न ठरलेलं, आणि फुकट हाती आलेलं सुटता सुटत नाही. "देवाची इच्छा," मी म्हणालो. टाळ्या वाजल्या. त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

मशीन हातगाडीवरून घरी आणलं, तेव्हा उंबऱ्यावरून आत घ्यायला शेजारणीनंच हात लावला. चाक फिरवून पाहिलं. म्हणाली, "लई चांगली हाय, भाऊ. तेल देत जा. बसून राहिली की जाम होती."

तेव्हाही देता आलं असतं.

माझ्या बायकोला शिवण येत नव्हतं, पुढंही आलं नाही. शेजारीण काही महिन्यांनी चितेगावला एका कारखान्यात झाडलोटीला लागली आणि खोली सोडून गेली. मशीन अजून आमच्या घरात आहे. एक टाकाही न घातलेल्या त्या मशीनला मी दर महिन्याला तेल देतो.