चौथा प्रश्न

विद्यार्थी त्यांना झाडवाले सर म्हणत. माहितीची मांडणी दाखवायला ते फळ्यावर काढत ती झाडं कायम उलटी, मूळ वर आणि पानं खाली. संगणकात माहिती रचून ठेवायच्या अवघड पद्धती शिकवता शिकवता केस पिकले, पण जीव अडकला होता तो विद्यार्थ्यांसाठी काढायच्या प्रश्नसंचांत.

पूर्वी एकेका प्रश्नावर रण माजायचं. समोरच्या टेबलावर बसणारा मित्र प्रत्येक प्रश्नात खोट काढायचा, शब्दाला शब्द वाढायचा, चहा गार व्हायचा. तो निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेला. आता फोनवर फक्त गुडघ्यांबद्दल बोलतो. सरांच्या घरी तर बोलायला कोणी नव्हतंच. फार एकटे पडले होते बिचारे, आणि ते कुणापाशी कबूल करण्याऐवजी त्यांनी भलताच उद्योग केला.

या खेपेच्या संचात चौथा प्रश्न मुद्दाम खोटा घातला. 'केवळ आकड्यांची आपसात तुलना करून चालणारी अशी रचना बांधा, की आकडे कितीही वाढले तरी नवा टाकायला आणि सर्वांत लहान काढायला, दोन्हींना लागणारा वेळ वाढणार नाही.' हे कुणाच्या बापालाही जमणारं नाही. कुणीतरी ते ओळखेल, तणतणत आपल्या कॉलेजातल्या खोलीवर येईल आणि आपल्याशी भांडेल, एवढीच आशा. सरांनी बिस्किटंसुद्धा आणून ठेवली.

कुणी फिरकलं नाही. उत्तरं मात्र आली, पानंच्या पानं, छातीठोक, सख्खी भावंडं शोभावीत इतकी सारखी. सगळ्यांनी अशक्य ते करून दाखवलं होतं! एकाच पेपरात नुसतं 'जमलं नाही' होतं. हा आळस, म्हणत सरांनी तो बाजूला सारला.

दोन-चार दिवसांनी एक मुलगी दारात आली. हातात विषय सोडायचा अर्ज.

"सर, सही हवी होती."

"का गं? मध्येच?"

"तो चौथा प्रश्न. सगळ्यांनी लिहिला, मलाच नाही आला. दिवसरात्र एक केली, पण दर वेळी वाटायचं, हे होऊच शकत नाही. शेवटी 'जमलं नाही' लिहून टाकलं."

सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "अगं, नाहीच होऊ शकत! मी मुद्दाम खोटा घातला होता. तू एकटी बरोबर आहेस! बस, बस ना."

ती बसली नाही. "मुद्दाम? कशाला?"

"कुणीतरी येऊन भांडावं म्हणून," सर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मी आईला फोन करून रडले, सर. म्हटलं, मला डोकंच नाहीये."

"चुकलं माझं. विषय नको सोडूस. आपण बोलू, रोज ये हवं तर."

"सही करता का, सर?"

त्यांनी केली. आता तरी तिने चार शब्द सुनावावेत म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने कागद घेतला, "थँक्यू सर" म्हणाली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.