ओरडी आत्या

आमच्या आत्याला हळू बोलता येत नसे. सापगावच्या पुढे तिच्या शेताच्या वाटेला आमची गाडी वळली की बांधावरूनच तिचा आवाज यायचा, "अरं, गाडी तिथंच लाव! पुढं आणू नको, वालाचं शेत हाय!" गाडी थांबायच्या आत आम्हा सगळ्यांना एकेक बोलणं बसलेलं असे. पोरं वाळली म्हणून माझ्या वहिनीला, पोट सुटलं म्हणून माझ्या भावाला, आणि इतके दिवस तोंड दाखवलं नाही म्हणून मला. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं ओरडी आत्या. ते तिला माहीत होतं. "ओरडी तर ओरडी," ती म्हणायची, "बहिरी तर नाय ना म्हणत?"

दर वर्षी थंडीत एक रविवार आम्ही कल्याणहून मुलांना घेऊन तिच्याकडे जायचो. चुलीवर वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि दिवसभर तिचा आवाज. "गवतात अनवाणी जाऊ नको रे, फुरसं असतं!" "विहिरीवर वाकू नको!" एकदा माझ्या मुलाने कोंबडीचं पिल्लू उचलून खिशात घातलं. आत्याने त्याला बखोटीला धरलं, मला हाक मारली आणि त्याच्यासमोर मला खोलीत कोंडून कडी घातली. "तुझी आयस गेली. आता कसं वाटतं?" तो रडायला लागला. पिल्लू कोंबडीजवळ सोडलं, मग कडी निघाली. मुलगा आता कॉलेजात आहे, अजूनही तो कोंबडीच्या वाटेतून बाजूला होतो.

तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. जमीन नवऱ्याची आणि दिराची सामाईक. दीर गेल्यावर सगळा कारभार पुतण्याकडे, विलासकडे आला. विलास हुशार. शेतात काय पिकतं यापेक्षा शेत बघायला कोण येतं यात जास्त पैसा आहे, हे त्याने ओळखलं. त्याने कमान उभारली, बैलगाडीला झालर लावली, झाडाला टायर टांगले आणि मुंबईची कुटुंबं शनिवार-रविवारी यायला लागली. काकीला त्याने नऊवारी आणून दिली आणि चुलीपाशी बसवलं. पाहुणे तिचे फोटो काढायचे. एका बाईने तिला जातं फिरवायला सांगितलं, व्हिडिओसाठी. आत्या म्हणाली, "दाणं कुठं हायेत?" बाई म्हणाली, नुसतं फिरवा. "नुसतं? दगडाला दगड घासू? मी काय जत्रंतला पाळणा हाय?" विलासने पाहुण्यांची माफी मागितली. काकीची नाही.

मग त्याने शेततळं खणलं. मोठं, चौकोनी, आत निळं प्लास्टिक अंथरलेलं. त्यात बदकं सोडली. असल्या तळ्याचे काठ उतरते असतात आणि ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं. पडलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही, पाय ठरतच नाही. हे काही गुपित नाही, तालुक्यात कुणालाही विचारा. आत्या पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होती, "जाळी लाव." विलास म्हणायचा, "लावू गो काकी." आणि एकदा चिडून खरं बोलून गेला, "जाळी लावली की फोटो चांगले येत नाहीत."

त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा माझ्या भावाची सई पाच वर्षांची होती. आत्याने आल्या आल्या सगळ्यांना बजावलं, तळ्याकडं एकही पोर जाता कामा नये. वहिनी माझ्याबरोबर वालाच्या शेंगा सोलत होती. मुलांवर लक्ष ठेवायचं काम भावाचं होतं. तो आंब्याखाली खाटेवर पडून मोबाइल बघत होता. आत्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मधेच तिचे हात थांबले. "पोरांचा आवाज कुठाय?" एवढंच म्हणाली आणि उठून पळाली. सत्तरीच्या पुढची बाई, पिठाचे हात घेऊन.

बदकांच्या मागे गेलेली सई पाण्यात होती. आत्याने पंपाचा जाड पाइप हाताला गुंडाळला आणि सरळ आत उतरली, छातीइतक्या पाण्यात. सईचा फ्रॉक तिच्या हाताला लागला, पण वर येता येईना. पाय घसरत होते. मी आणि वहिनी तिच्यामागे धावत पोचलो होतो, पाइप ओढत होतो. भाऊ धावत आला तेव्हा दोघी काठाशी आल्या होत्या. आत्याने सईला पालथं घातलं, पाठीवर थापा मारल्या. पाणी बाहेर पडलं, मग रडणं. रडणं ऐकून आत्या उठली आणि चिंब भिजलेल्या अंगाने तिने माझ्या भावाच्या थोबाडीत मारली.

"काय बघत व्हतास त्या मोबाइलात? पोर बुडताना दिसते का त्यात?"

पाहुण्यांची दोन कुटुंबं उभी राहून बघत होती. भावाचा चेहरा मला अजून आठवतो. पोर वाचली म्हणून सुटकेचा नव्हता तो. चारचौघांत मार बसल्याचा होता. "तुमच्याच तळ्यात पडली ना?" तो म्हणाला आणि सईला गाडीत घालून, न जेवता निघाला. तिच्या पाया पडायचं सोडून! जिने त्याची मुलगी पाण्यातून काढली, तिला त्याने एक शब्द चांगला दिला नाही.

विलासने तरीही जाळी लावली नाही. आत्याने स्वतः करवंदीच्या काटेरी फांद्या आणून तळ्याभोवती रचल्या. शनिवारी पाहुणे येणार म्हणून विलासने त्या उचलून फेकल्या. तिने पुन्हा रचल्या, त्याने पुन्हा फेकल्या. मग एका सकाळी ती कोयता आणि कुदळ घेऊन तळ्याशी गेली आणि खालच्या अंगाचा काठ, मातीचा बांध आणि प्लास्टिक दोन्ही, फोडून काढला. सगळं पाणी वाहून खालच्या वालात शिरलं. तो वाल तिने स्वतः पेरला होता.

विलासने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. काकीचं डोकं फिरलंय. आमच्या घरी बैठक बसली. मी म्हणाले, "डोकं तिचं एकटीचं ठिकाणावर आहे, आधी जाळीचं बोला." भाऊ म्हणाला, "तू गप बस. वय झालंय तिचं. कोयता घेऊन फिरते, उद्या कुणाला मारेल." ज्याची मुलगी तिने वाचवली तो हे म्हणत होता, आणि बाकीचे मान डोलवत होते. शेवटी ठरलं की आत्याने तिच्या मुलीकडे, मंदाकडे, कसाऱ्याला जाऊन राहावं. हवापालट. विलासने तिचं बोचकं रिक्षात घालून तिला स्टेशनवर सोडलं. पुढे कसाऱ्याच्या गाडीत ती एकटीच बसली.

मी तिला भेटायला जायचे. मंदाचं घर चाळीतलं, दोन खोल्यांचं. आत्या उंबऱ्यावर बसलेली असे. तिचा आवाज उतरला होता. कानाजवळ जाऊन ऐकावं लागे. "का गो हळू बोलतेस?" मी विचारलं. म्हणाली, "इथं कुणावर ओरडू? भिंतीवर? शेजारी म्हनतील, म्हातारी आली नि तरास आला." पण मी गेले की पहिला प्रश्न तोच, "जाळी लावली का?" मी नाही म्हणायचे. ती मान फिरवायची. एकदा मला वाटलं खोटं सांगावं. नाही सांगितलं. तिला ते कळलं असतं.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेरावं विलासने शेतावर केलं. मांडव चांगला होता, जेवण चांगलं होतं. तळ्याला नवं प्लास्टिक, नवं पाणी. जाळी नव्हती. जेवणं झाल्यावर विलास उभा राहिला आणि चार शब्द बोलला. "काकी रागीट होती, पण मनाने फार प्रेमळ." माणसं हळहळली. माझ्या भावानेही डोळे पुसले.

तो 'पण' मला सहन झाला नाही. मी उभी राहिले. आयुष्यात कधी मांडवात उभी राहून बोलले नव्हते. "पण कसला?" मी म्हणाले. "ती रागावली म्हणून सई इथं बसली आहे. तुम्ही सगळे शांत होता. तुम्ही कुणी पाण्यात उतरला नाहीत. तिला घरातून काढलंत आणि आता तिच्या प्रेमाचं कौतुक करताय? आधी तिकडं बघा. जाळी कुठाय?"

विलास म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू, ताई. आता सीझन आहे."

पुढच्या रविवारी सकाळी मी शेताच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने एक रिक्षा थांबली आणि वहिनी उतरली. मी जातेय एवढंच तिला फोनवर कळवलं होतं. "घरी सांगून आलीस?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पाहुण्यांची पहिली गाडी आली तशी आम्ही हात केला. काच खाली झाली. मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती. वहिनीने त्यांच्या आईला सगळं सांगितलं. स्वतःच्या मुलीचं, स्वतःच्या तोंडाने. ती गाडी मागे फिरली. दुसरी आत गेली, तिसरी मागे फिरली. विलास येऊन आमच्यावर ओरडला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. "बोलव," वहिनी म्हणाली, "त्यांनाही तळं दाखवू." पोलीस आले नाहीत. त्यापुढच्या रविवारीही आम्ही गेलो.

तिसऱ्या रविवारी विलास फाट्यावर आमची वाट बघत होता. आम्हाला आत घेऊन गेला. तळ्याभोवती लोखंडी खांब पुरले होते, वर पक्की जाळी, दाराला कुलूप. वहिनीने जाळी दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिली. हलली नाही.

"आता तरी राग गेला ना, ताई?" विलासने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आम्ही चहा घेतला नाही. चालत फाट्यावर आलो आणि रिक्षाला हात केला.