अप्पा गुरुजींनी शेरडांवर शिकवलेला मेंदू

आमच्या मुरुम गावचे अप्पा गुरुजी शिकवायला लागले, की जवळ उभं राहायची सोय नव्हती; दिसेल त्याला धड्यात घालायचे. एकदा आतडं शिकवताना सगळा वर्ग वळवत वळवत पार बाजारात नेला होता. निवृत्त झाले तरी खोड तीच.

माझ्या नातीला, चिनूला, तान्ही असल्यापासून ताप आला की फिट यायची. डॉक्टरांनी तिचं आणि तिच्या आईबापाचं रक्त तपासायला पाठवलं. पण माझ्या नणंदबाईंनी, शांताअक्कांनी, निकाल आधीच दिला होता: हे सुनेच्या माहेरचं, तिला धाडून द्या. सून बिचारी ऐकत ऐकत भाकऱ्या थापायची. तिनं कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली मला दिसली होती.

रिपोर्ट आला तसं मी गुरुजींना बोलावलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सगळ्याजणी अंगणात या. शेरडं पण सोडा."

आम्हा बायकांना एकमेकींचे हात धरायला लावून गोल उभं केलं, मधे हिरवा मका टाकला. गोल म्हणजे मेंदूतली पेशी, आमचे हात तिचा पडदा, शेरडं म्हणजे मीठ. आणि पडद्यातलं दार शांताअक्का!

"ह्या दाराला प्रथिन म्हणायचं. ते कसं घडवायचं ते एससीएन-वन-ए नावाच्या जनुकात लिहिलेलं असतंय. तुमच्या लिखाणात चूक हाय, अक्का. तुम्ही उघडायचंच न्हाय."

अक्का हटल्या नाहीत. शेरडं धडका द्यायला लागली. गुरुजी मात्र शांतपणे सांगत होते, की ह्या पेशीचं काम बाकीच्या पेशींना गप करायचं. मीठ आत गेल्याशिवाय ती जागीच होत नाही, मग बाकीच्या धिंगाणा घालतात, तीच फिट. तेवढ्यात थोरल्या बोकडानं प्रथिनाला मक्यावर बसवलं. सून हसली, कितीतरी दिवसांनी.

अक्कांनी बसल्या जागेवरून विचारलं, "पर ती चूक हिच्याच माहेरची न्हवं?"

"न्हाय. आईच्या रक्तात न्हाय, बापाच्या न्हाय. पोरीचं लिखाण उतरताना नव्यानंच झाली. कुणाच्याच घरची न्हाय ती."

"मग म्या बोलायचं कुणाला?"

"मला बोला. सोमवारी मी मोकळाच असतो."

आणि खरंच, दर सोमवारी गुरुजी यायचे, चहा घ्यायचे, अक्कांचं पोटभर ऐकून घ्यायचे. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चिनूचं औषध बदललं. फिट थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. सून कुठंच गेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. पुढच्या सोमवारी अक्का सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. सून चहा घेऊन शेजारी बसली, म्हणाली, "आत्या, आज मला बोला."

अक्कांनी तिच्याकडं बघितलं. "तुला काय बोलू? तू काय केलंस?"