न मोजता फाडलेलं कापड

मांजरपाटाचा नवा ताका उघडला, की खळीच्या वासासोबत आमच्या जैनथच्या दुकानातली ती दुपार आठवते. आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्रात होता. तीस वर्षं दुकान चालवून बाबा थकले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी मी दोनदा केली, पण "कापूस निघाला की पाहू," म्हणत त्यांनी दोन्ही वेळा टाळलं. आमच्या दुकानात मयताचं कापड कधी गजानं मोजलं नाही. बाबा नजरेनं अंदाज घेत आणि हातानं फाडून देत. त्या दुपारी वस्तीतले एक गुरुजी आपल्या वारलेल्या आईसाठी कापड घेऊन गेले आणि थोड्याच वेळात परत आले. खाली बघत म्हणाले, "काका, मायचे पाय उघडे राहून राह्यले." मी चिडून विचारलं, "बाबा, गज काऊन नाही घेतला?" ते म्हणाले, "मेलेल्याले मोजू नये, पोरी. जित्तेपणी लोकायनं लय मोजलं तिले." मग ताका माझ्याकडे सरकवला. "तू फाड. मले दिसत नाही आता." मी फाडलं. गुरुजी गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "आण तुझी यादी." आता दुकान मी चालवते. माझ्याही चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय. ते कापड मी अजून मोजत नाही; फक्त हातभर जास्त फाडते.