प्रतिसादक सात

वैशंपायन सरांसमोर प्रबंधाचं प्रकरण ठेवलं की ते आधी त्यातली माणसांची नावं खोडायचे. मजकूर नंतर. जाड काळं मार्कर घ्यायचं, नावावरून रेघ ओढायची आणि बाजूला आकडा टाकायचा. "माणूस काढा, मग अभ्यास दिसतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. बोळिंजला त्यांच्या फ्लॅटवर आम्ही दोघी जायचो, मी आणि राजोडीची लवीना. आमची पीएच.डी. जागतिक अभ्यास नावाच्या आंतरविद्याशाखीय विषयात होती. म्हणजे समाजशास्त्रवाले आम्हाला अर्थशास्त्राकडे ढकलत आणि अर्थशास्त्रवाले इतिहासाकडे. सरांनी मात्र ठेवून घेतलं. माणूस हुशार, वाचन अफाट.

दयामाया हा प्रकार नव्हता. माझे वडील गेले, त्यांचं बारावं उरकून मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "वाईट झालं. दुसरं प्रकरण आणलंयस ना?" मी आणलं होतं, हे त्याहून वाईट.

परदेशी जहाजांवर नोकरीला गेलेल्या पुरुषांच्या मागे राहिलेल्या बायका, हा लवीनाचा विषय. तिचे वडील असेच गेले आणि जहाजावरच वारले. तिनं आईचीही मुलाखत घेतली, सेसिलमावशीची. "तो नाताळला येनार होता. कंपनीनं सोडला नाय त्याला," असं मावशी येईल त्याला सांगायची. या एका वाक्याच्या जोरावर तिनं पोरं वाढवली होती.

पुढे लवीनाला वडिलांसोबत काम केलेला एक खलाशी भेटला. तो म्हणाला, सुट्टी मंजूर झालेली, तुझ्या बापानंच नको म्हटलं. घरी जायचं त्याच्या मनातच नव्हतं. लवीना दोन दिवस जेवली नाही. सरांनी तिला ते प्रबंधात घालायलाच लावलं. आई झाली प्रतिसादक सात, खलाशी झाला प्रतिसादक बारा. प्रबंध इंग्रजीत, त्यात नाव कुणाचंच नाही, तेव्हा आईपर्यंत हे कधीच पोचणार नाही अशी लवीनाची खात्री होती.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, घरच्यांनी यायचं आणि परीक्षकांना जेवू घालायचं, अशी आमच्याकडे रीतच पडली आहे. मावशी ठेवणीतली साडी नेसून, कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन पहिल्या रांगेत बसली. बाहेरच्या परीक्षकांचं समाधान झालं. आता टाळ्या, एवढ्यात सर म्हणाले, "घरची मंडळी आलीत, तर एक प्रश्न मराठीत होऊ दे. प्रतिसादक सात म्हणते, नवरा नाताळला येणार होता, कंपनीनं सोडलं नाही. बारा म्हणतो, सुट्टी मिळाली होती, त्यालाच घरी यायचं नव्हतं. खरं कुणाचं?"

मावशी सकाळपासून हसत होती. ती हसायची थांबली.

"बोल," सर म्हणाले. "लळा लागला की संशोधन संपलं."

"बाराचं," लवीना म्हणाली.

"शाब्बास."

मग टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ झाला. जेवताना सरांनी कालवण दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि चवीचं कौतुक केलं. वाढत मावशीच होती.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, समोर तिची आई बसली होती."

"म्हणून तर विचारलं," ते म्हणाले. "आईच्या तोंडावर खरं बोलली. आता ती कुठेही उभी राहील."

आपण तिचं भलं केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. मुद्दाम दुष्टपणा केला असता तर मी कदाचित विसरलेही असते. यासाठी मात्र मी त्यांना माफ केलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. शोकसभेत जो तो उठून म्हणत होता, वरून कडक, पण आतून लोणी. लवीना आली नव्हती, म्हणून रात्री मी तिला फोन केला.

"आईला सांगितलं, सर गेले म्हणून," ती म्हणाली. "त्या दिवसापासून तिनं त्यांचं नाव काढलं नव्हतं. पप्पांचंही नाही. आज विचारलंन, त्यांना बायको हाय काय? मी म्हटलं, आहे."

"मग?"

"म्हणाली, तिला कोनी खरंबिरं काय सांगू नका."